सगळं समजते, बोलत नाही

मला सोडायला रायपूरच्या माना विमानतळावर दोन गाड्या भरून माणसं आली होती, आणि त्यातल्या एकालाही विमानतळावर निरोप कसा द्यायचा ते ठाऊक नव्हतं. आम्ही रेल्वेचे लोक. आजोबा तुमसरहून रायपूरच्या मालधक्क्यावर नोकरीला आले, गुढियारीत राहिले, आणि तेव्हापासून आमच्या घरात निरोप म्हटला की प्लॅटफॉर्म. डब्यात चढून सामान लावून द्यायचं, खिडकीतून पाण्याची बाटली द्यायची, गाडी हलली की दोन पावलं सोबत चालायचं. इथे दारावरच्या जवानाने फक्त माझं तिकीट पाहिलं आणि बाकीच्यांना हातानेच बाजूला केलं. मम्मीच्या मनात होतं की ती आत माझ्याशेजारी बसून मला जेवू घालेल. ते होत नाही म्हटल्यावर तिने ट्रॉलीवरच डबा उघडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत उभं करून मला तिखटमिठाच्या पुऱ्या खायला लावल्या. पापांनी सुटकेसला साखळी-कुलूप लावलं होतं, गाडीत बर्थखाली बांधतात ते. ते काढावं लागेल असं कळल्यावर त्यांनी साखळी सोडवली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

"पोहोचला की फोन करजो," मम्मी म्हणाली. "आन कोणाच्या घरी गेला तं लाजू नको, पोटभर जेवजो."

"हाँ मम्मी, कर दूँगा. तुम टेंशन मत लो."

पुण्या-कोल्हापूरकडच्या वाचकाला इथे काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. रायपूरच्या माणसाला वाटणार नाही. पुढे आम्ही राहायला गेलो त्या समता कॉलनीतल्या गल्लीत मराठी घरं बरीच होती. काही नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात रुजलेली, काही आमच्यासारखी रेल्वेच्या मागे मागे आलेली. सगळ्या घरांत रीत एकच. आई-वडील मराठीत बोलणार आणि पोरं हिंदीत उत्तर देणार. शाळा हिंदीत, क्रिकेट हिंदीत, भांडण हिंदीत, आणि भाजीवाल्या दीदीशी हो म्हणायला 'हव, हव' करत जमेल तेवढं छत्तीसगढीत. मराठी आमच्या कानात शिरायची आणि तिथेच मुक्काम करायची. नागपूरहून पाहुणे आले की मम्मी हसून सांगायची, "आमच्या पोट्ट्याले सगळं समजते, बोलत नाही." दीड वर्षाच्या लेकराबद्दल सांगावं तसं ती मी इंजिनिअरिंगला गेल्यावरही सांगत होती, आणि मी शेजारी बसून चहात बिस्कीट बुडवत असायचो. कुणाला त्यात काही खटकत नव्हतं, मला तर मुळीच नाही.

रायपूर राजधानी झालं तेव्हा मी शाळेत होतो. बघता बघता गाव बदललं. लाल दिव्याच्या गाड्या आल्या, रस्ते रुंद झाले, जिथे तिथे मॉल उभे राहिले. पापांचं ऑफिस उचलून नया रायपूरला नेलं, तेव्हा ते सकाळी डबा घेऊन स्टाफ बसने निघायचे आणि संध्याकाळी धुळीने भरून परत यायचे. नव्या शहरात मोठमोठे चौक होते आणि चौकात माणूस नव्हता. तरी पापांना राजधानीचा अभिमान भारी. मला मेलबर्नला पाण्याच्या व्यवस्थापनाच्या कोर्सला प्रवेश मिळाला तेव्हा मामाने विचारलं, इतक्या दूर काहून पाठवता? पापा म्हणाले, राजधानीचा पोट्टा आहे, जाऊ दे. जणू राज्य सरकारच मला पाठवून राहिलं होतं.

मम्मीने भर मे महिन्यात पंडरीच्या बाजारात जाऊन लोकरीचे कपडे शोधले. दुकानदार घामाने भिजलेला, वर माळ्यावर चढून धूळ खाल्लेली पेटी उतरवतो आहे, आणि ही त्याला सांगते आहे की भैया, तिकडे जुलैमध्ये थंडी असते. त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. तिथून आणलेला तपकिरी स्वेटर घालून मी मेलबर्नला उतरलो आणि बाहेर पडताच कळलं की तो स्वेटर फक्त रायपूरच्या थंडीला घाबरवू शकतो.

आता या शहरात नव्याने आलेली आपल्याकडची मुलं भेटतात तेव्हा ती थंडीबद्दल बोलतात, रस्ता चुकल्याबद्दल बोलतात, असाइनमेंटबद्दल बोलतात. मला त्यातलं काहीच फार जड गेलं नाही. जड गेली ती शांतता. पाच वाजता अंधार, रस्त्यावर माणूस नाही, बंद खिडक्यांच्या आत पिवळे दिवे. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय भाजी झाली ते फोडणीच्या वासाने आणि कुणाचं काय बिनसलं ते आवाजाने कळायचं. इथे दिवसाच्या शेवटी हिशोब केला तर माझं बोलणं म्हणजे बसमधून उतरताना ड्रायव्हरला म्हटलेलं 'थँक यू' आणि लायब्ररीत कुणाला म्हटलेलं 'सॉरी'. मला फार एकटं वाटत होतं. फोनवर मी मम्मीला सांगायचो की सब बढ़िया है, आणि ती म्हणायची, आवाज काहून असा येऊन राहिला तुहा.

त्यात डोक्यावर छप्पर नव्हतं. सुरुवातीची खोली थोड्या दिवसांची होती आणि ती संपत आली होती. घर बघायला जायचं म्हणजे इथे त्याला इन्स्पेक्शन म्हणतात, आणि एका खोलीच्या इन्स्पेक्शनला रांग लागलेली असते. रांगेतला प्रत्येक जण माझ्यापेक्षा बरा दिसायचा आणि खोली त्यालाच मिळायची. तेवढ्यात इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर एक जाहिरात दिसली. क्लेटन उपनगरातल्या एका कुटुंबाला मराठी विद्यार्थी हवा होता. 'मराठी' हा शब्द त्यांनी दोनदा लिहिला होता. माझं आडनाव डहाके. मी फोन केला, आडनाव सांगितलं आणि तेवढ्यावरच त्यांनी मला बोलावून घेतलं.

मंदारदादा आणि शिल्पावहिनी, दोघंही इस्लामपूरकडचे. दादा गोदामात सुपरवायझर, वहिनी नर्स, दोघांच्या शिफ्ट वेगवेगळ्या. घरात तिसरं माणूस म्हणजे दादांची आई, त्यांना मी काकू म्हणायचो. काकूंनी आणि त्यांच्या नवऱ्याने गावात आयुष्यभर पिठाची गिरणी चालवली होती. काका गेल्यावर गिरणी विकली आणि दादा आईला इकडे घेऊन आले. पट्ट्याच्या खडखडाटात तीस-चाळीस वर्षं बोललेल्या बाईचा आवाज कसा असेल ते तुम्हीच समजा. तो आवाज घेऊन त्या दिवसभर या मुक्या घरात बसून असायच्या. शेजारी एक ग्रीक म्हातारा होता, तो कुंपणावरून लिंबं द्यायचा, दोघंही एकमेकांना हसून दाखवायचे आणि संपलं. दादांनी मला अट एकच घातली. संध्याकाळी आल्यावर आईजवळ थोडा वेळ बस, तिच्याशी बोल. तिला आपल्या भाषेत बोलणारं माणूस हवं. पहिला महिना बघू, जमलं तर राहा. मी लगेच हो म्हणालो. आपली भाषा म्हणजे घरची गोष्ट, त्यात न जमण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं.

पहिल्याच संध्याकाळी काकूंनी भाकरी केली होती. कुठला रे तू, घरी कोण कोण असतं, आई काय करते, तुमच्याकडे ज्वारी पिकते का, त्या विचारत होत्या आणि मी सगळ्याची उत्तरं देत होतो. छत्तीसगढात भातच भात, इतका भात की रात्रीचा उरलेला पाण्यात भिजवून सकाळी बासी म्हणून खातात, असं मी रंगवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पण बोललो, तिसऱ्या दिवशी पण. मला वाटत होतं की चांगलं जमतं आहे. काकूंचं विचारणं मात्र कमी होत गेलं. मग त्या मी आलो की टीव्ही लावायला लागल्या, आणि मग मी दार उघडलं की आपल्या खोलीत जायला लागल्या. माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. मी बाहेर एकटा जेवायचो आणि विचार करायचो की काय चुकलं असेल. बूट दारात काढतो, ताट घासून ठेवतो, बाथरूम कोरडं करून येतो. कशाचाच पत्ता लागेना.

महिना संपत आला तेव्हा एका रविवारी सकाळी दादांनी चहा करून मला समोर बसवलं. त्यांना बोलणं अवघड जात होतं. शेवटी त्यांनी सांगितलं की आईला तुझ्याबरोबर बरं वाटत नाही. ती म्हणते, हा मुलगा माझ्याशी परक्यासारखा वागतो. मी मराठीत विचारते आणि तो मुद्दाम हिंदीत उत्तर देतो, लांब राहा असं सांगितल्यासारखं. तू दुसरीकडे बघितलंस तर बरं.

मी खरंच चाट पडलो. आपण काकूंशी हिंदीत बोलतो आहोत हे मला त्या क्षणापर्यंत जाणवलंसुद्धा नव्हतं. दादांनी मग समजावलं. त्यांच्या गावात हिंदी बोलायची ती ट्रकवाल्याशी, कुल्फीवाल्याशी, बाहेरून आलेल्या ठेकेदाराशी. घरातलं माणूस घरातल्या माणसाशी हिंदीत बोललं तर त्याचा अर्थ एकच, तू माझी कुणी नाहीस. आणि माझ्यासाठी नेमकं उलट होतं. समोरची बाई मराठीत विचारते आहे आणि मी हिंदीत उत्तर देतो आहे, याच्यापेक्षा जवळचं बोलणं मी जगात कुणाशी केलेलं नव्हतं. ते फक्त मी मम्मीशी करत होतो. काकूंशी इतक्या सहज तसं झालं, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात मला घरच्यासारखं वाटलं होतं. हे सगळं मी दादांना सांगायचा प्रयत्न केला, तेही अर्थात हिंदीतच, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना ती सबब वाटते आहे.

काकू केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"आईशी पण हिंदीत बोलतोस?" त्यांनी विचारलं.

मी मानेनेच हो म्हटलं.

"आई हिंदी आहे?"

"नहीं काकू. मराठी है."

"मग फोन लाव तिला."

रायपुरात नुकतं उजाडलं होतं. इतक्या सकाळी माझा फोन बघून मम्मी घाबरली. काही झालं नाही, काकूंना तुझ्याशी बोलायचं आहे, असं सांगून मी स्पीकर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. काकूंनी आपल्या गिरणीच्या आवाजात नमस्कार केला, मम्मीने तिच्या आवाजात केला. मग काकूंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. हा मुलगा चांगला आहे, पण माझ्याशी आपलेपणाने बोलत नाही, आणि वर म्हणतो की आईशीही असाच बोलतो. खरं आहे का हे?

मम्मी आधी हसली. मग म्हणाली, "नाही वो काकू, तुम्हाले परकं नाही समजत तो. माह्याशीबी तसाच बोलते. पयलीत होता तवा त्याच्या बोलण्यात मधातच मराठी शब्द येऊन जाये, शाळेतले पोट्टे हासत त्याले. एक दिवस रडत घरी आला आन म्हणे, मम्मी, आजपासून घरात सिर्फ हिंदी. मी म्हटलं, तू हिंदीत बोल बाबू, आता कोणी हासणार नाही तुले. पण मी मराठीच बोलीन. तोंड राहू दे शाळेचं, कान तरी मराठी राहतीन."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी शाळेतून रडत आल्याचं नाही, तिने असं काही ठरवल्याचं नाही. मला आपलं वाटत होतं की आमच्या गल्लीची ती रीतच आहे आणि आपण त्या रीतीत वाढलो. आमच्या घरापुरती ती रीत एका बाईने एका दुपारी ठरवली होती आणि नंतर एवढी वर्षं एकटीने चालवली होती. सकाळी उठवताना, ताप आला असताना, रिझल्ट बिघडल्यावर शिव्या देताना, ती मराठीत बोलत राहिली आणि उत्तर कधी मराठीत येईल याची तिने वाट पाहिली नाही, निदान मला तरी दाखवली नाही. माझे डोळे भरून आले. कपडे मशीनमध्ये टाकायचे आहेत असं काहीतरी पुटपुटून मी उठलो. मागे त्या दोघी बोलतच होत्या. विषय भाकरीच्या पिठावर गेला होता आणि काकू तिला सांगत होत्या की पोराला राहू दे इथं, माझं लक्ष आहे.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, गॅसपाशी उभा राहिलो आणि वाक्य मनात तीन-चार वेळा जुळवून म्हणालो, "काकू, मी चहा मांडून राहिलो. तुम्ही घेता काय?"

काकू मटार सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि इतक्या मोठ्याने हसल्या की खोलीत झोपलेल्या शिल्पावहिनी बाहेर आल्या. "अगं, हा तर थेट त्याच्या आईसारखा बोलतो," त्या वहिनींना म्हणाल्या. आणि खरंच तसं होतं. मला वाटलं होतं की मी बोलायला लागलो तर काकूंचं ऐकून त्यांच्यासारखं बोलेन. पण तोंडातून येत होतं ते सगळं मम्मीचं होतं. तिचे शब्द, तिचा हेल, वाक्याच्या शेवटी तिच्यासारखाच चढणारा आवाज. कानात एवढी वर्षं जे साठत गेलं होतं ते जसंच्या तसं बाहेर पडत होतं. पहिले काही आठवडे मी अडखळत, हिंदीची काठी टेकवत चाललो, पण चाललो. आम्ही दोघं संध्याकाळी भाजी निवडायचो आणि काकू मला गिरणीवर येणाऱ्या बायकांच्या भानगडी सांगायच्या. कोर्स संपेपर्यंत मी त्याच घरात राहिलो.

आता बरीच वर्षं झाली. काकू पुढे इस्लामपूरला परत गेल्या. मम्मीची आणि त्यांची अजून भेट झालेली नाही, पण दर चार-आठ दिवसांनी फोन होतो आणि त्यात माझं नाव निघतंच असं नाही. मी इथे पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी करतो. सुट्टीत रायपूरला गेलो की गल्लीतले मित्र माझी खेचतात, ऑस्ट्रेलिया जा के मराठी सीख के आया है बे. इथल्या गणपतीला गेलो तर कुणीतरी हमखास विचारतं, तुम्ही मूळचे हिंदी का? दोन्हीकडे मी थोडा उपराच आहे आणि आता त्याचं काही वाटेनासं झालं आहे. हे मी मराठीत लिहितो आहे याचं सगळ्यात जास्त आश्चर्य माझ्या त्या मित्रांनाच वाटेल. बाबांनो, तुमच्याही कानात हेच सगळं साठलेलं आहे, एकदा तोंड उघडून बघा. आणि जे माझ्यासारखे दूर निघून आले आहेत त्यांना काय सांगू. घर कुठे असं कुणी विचारलं तर मी अजूनही रायपूर म्हणतो, पण तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गल्ली येत नाही की दार येत नाही. मला आतल्या खोलीतून कुणीतरी काहीतरी विचारताना ऐकू येतं, आणि आता त्याला उत्तर देता येतं. तेवढं माझं घर आहे.

मम्मीशी मराठीत बोललो त्या पहिल्या वेळचं सांगायचं राहिलं. काकूंशी बोलायला लागून बरेच दिवस झाले तरी फोनवर मी हिंदीच चालू ठेवली होती. काकूंपुढे चुकायला काही वाटत नव्हतं, मम्मीपुढे लाज वाटायची. तिने सकाळच्या त्या फोननंतर एका शब्दाने विचारलं नव्हतं. मग एका रविवारी, तिकडे जेवणाची वेळ बघून, मी फोन लावला आणि तिने उचलल्याबरोबर म्हणालो, "मम्मी, जेवली काय तू?"

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, कुणीतरी खुर्ची सरकवली, आणि पापा फोनवर आले.

"काय म्हटलं तुनं तिले? फोन माह्या हाती देऊन आत चालली गेली."

"काही नाही पापा. जेवली काय, एवढंच विचारलं."

कुकर पुन्हा वाजायला लागला, तो पापांनी बंद केला. ते तसे कमी बोलणारे.

"मलेही विचार," ते म्हणाले.